महिपतीची दुसरी फेरी

वडिवळ्याच्या महिपतीचं हॉर्नबद्दल एक ठाम मत होतं, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय त्याच्या ट्रकमध्ये कुणाला बसता येत नसे. त्याचं म्हणणं, हॉर्न ही माया आहे. ज्याला रस्त्यावरच्या माणसाची काळजी तो हॉर्न वाजवणार. ज्याला नाही तो मुकाट्यानं गाडी अंगावर घालून निघून जाणार. महिपतीला सगळ्या जगाची काळजी. त्यानं कळंबोलीहून खास हॉर्न बसवून आणला होता. त्याची गाडी कामशेतमधून निघाली की रस्त्याकडेच्या गोठ्यांतल्या म्हशी दूध चोरायच्या.

सायकलवाले दिसले की मग तर ही माया नुसती ओसंडायची. रविवारी जुन्या हायवेनं पुण्याकडचे सायकलवाले लोणावळ्याला निघतात, घट्ट कपडे, डोक्यावर टोपडी. त्यांच्याबरोबरच्या एका बाईला कार्ला फाट्याच्या पुढं महिपतीनं इतक्या जवळून आणि इतक्या मायेनं हॉर्न दिला, की ती सायकलसकट रस्त्याच्या कडेच्या चिखलात उतरली. महिपती पुढं गेला आणि लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांसमोर गर्दीत अडकला. रविवारी तिथं देवही अडकेल. पाच मिनिटांत केबिनच्या दारावर टकटक झाली. गुडघ्यापर्यंत चिखल झालेली ती बाई खाली उभी होती.

"काका, तुमच्या हॉर्ननं मी पडले असते."

"हॉर्नानं कुनी पडत न्हाई म्याडम," महिपती वरून म्हणाला. "पडनारा आपसूक पडतो. मी तर तुमाला सावध केलं."

"मागून ट्रक येतोय हे मला केव्हाच कळलेलं असतं. जमीन हादरते. कानाशी हॉर्न वाजला की हात हादरतात."

"मंग हात घट धरायचे."

आजूबाजूचे चिक्की खाणारे हसले. गर्दी सुटली, महिपतीनं जाता जाता आणखी एक हॉर्न दिला, आणि विषय संपला असं त्याला वाटलं.

कसला संपतोय. तो जिथं नोकरीला होता त्या सोपानशेठच्या आंबीच्या गाडीतळावर दोन गोष्टी एकदमच आल्या. एक म्हणजे नवा कोरा बारा चाकी ट्रक. केबिन थंडगार, सीट अशी की खड्डा आला तरी माणूस पाळण्यात बसल्यासारखा. महिपतीचा जीव त्या ट्रकवर आधीच जडला होता. जुन्या गाडीच्या इंजिनानं त्याचा डावा पाय इतकी वर्षं भाजून काढला होता, आणि बायकोला, अंबूबाईला, त्यानं शब्द दिला होता की गार केबिनमध्ये बसवून तुला लोणावळ्याला नेईन. नोकरीत तो सगळ्यांत जुना, म्हणजे गाडी त्याचीच. त्याच्या पाठोपाठचा कैलास. कैलास आंबीचाच, महिपतीबरोबर एका ताटात जेवलेला माणूस.

दुसरी गोष्ट म्हणजे ती सायकलवाली बाई.

शेठ ज्या कारखान्याचा माल नेत होते, त्या कारखान्यानं अट घातली होती की ड्रायव्हरांना सायकलवाल्यांसोबत रस्ता कसा वापरायचा ते शिकवा, नाहीतर माल न्यायला दुसरा बघतो. शिकवायला त्यांनी कामशेतच्या यशोधरा मॅडम पाठवल्या. तळेगावच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि सुट्टीला सायकलवाल्यांचा गट घेऊन हिंडायच्या. त्यांनी महिपतीला ओळखलं, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. गणिताच्या बाईच त्या.

"पुढच्या रविवारी आमचे सायकलवाले तुमच्या केबिनमध्ये बसतील," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही सायकलवर. या भिंतीपासून गेटपर्यंत पांढऱ्या फक्कीचा पट्टा मारू. तुम्ही पट्ट्यावरून चालवायची, मागून ट्रक येईल आणि दीड मीटर जागा सोडून पुढं जाईल."

"म्हंजी एक बाज आडवी मावंल एवढी," कैलासनं सगळ्यांना समजावून सांगितलं.

"पडला किंवा पाय टेकला तो नापास," शेठ म्हणाले. "आणि नवी गाडी पास होणाऱ्यालाच."

सगळे ड्रायव्हर दात काढून हसले. सायकल म्हणजे काय, पोरखेळ. महिपतीही हसला, पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कारण या माणसाला सायकल येत नव्हती. घरात एकच सायकल होती, ती थोरल्या भावाची, आणि थोरला भाऊ ती रात्री उशाशी घेऊन झोपायचा म्हणा ना. महिपती बैलगाडीवरून थेट ट्रॅक्टरवर गेला आणि ट्रॅक्टरवरून ट्रकवर. मधली दोन चाकं राहूनच गेली. पुढं मोठेपणी कुणी विचारलं तर तो सांगायचा, "आपल्याला धा चाकांपेक्षा कमीवर करमत न्हाई." लोकांना ते खरं वाटायचं.

त्या संध्याकाळी जेवताना त्यानं अंबूबाईला सांगून टाकलं. न सांगून करतो काय. अंबूबाईनं पदर तोंडाला लावला, आणि मग ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"आवं, मी आंबीवरनं तळेगावच्या शाळेत सायकलनं जायची," ती म्हणाली. "लग्नात तुमाला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं."

दुसऱ्या दिवसापासून उजाडायच्या आत धरणाच्या कडेच्या रस्त्यावर शिकवणी सुरू झाली. सायकल शेजारच्या पिंकीची. अंबूबाई कॅरियर धरून मागून पळायची आणि महिपती पुढं बघून शिव्या द्यायचा, सायकलला. दगडावर पाय ठेवून बसणं आलं. पायडल मारणं आलं. सरळ जाणं बऱ्यापैकी आलं, म्हणजे रस्त्याच्या दोन्ही कडांना हजेरी लावत. पण थांबणं काही येईना. एकदा त्यानं ब्रेक दाबला तो पुढचा, आणि तो हँडलवरून भाताच्या खाचरात गेला. तेव्हापासून ब्रेकला हातच लावायचा नाही असं त्यानं ठरवून टाकलं. थांबायचं असलं की तो अंबूबाईच्या अंगावर पडायचा. रविवार आला तोवर अंबूबाईची कंबर धरली होती.

"थांबायचं काय, फकस्त तळावरनं गेटापतुर जायचं हाय न्हवं?" ती म्हणाली. "गेटाशी भिताड आसंल. त्याला धरा."

रविवारी गाडीतळावर जत्रा भरली. आधी सायकलवाले केबिनमध्ये बसले. त्यातला एक तर घाम पुसत खाली उतरला, कारण त्याची सख्खी बायको डाव्या दाराशी हात हलवत उभी होती आणि त्याला ती वरून दिसतच नव्हती. ड्रायव्हरांना बरं वाटलं. मग ड्रायव्हरांची पाळी. पहिला मान महिपतीचा. मागून महिपतीचाच जुना ट्रक न्यायला कैलास.

महिपती दगडावरून सायकलीवर बसला आणि निघाला. सांगायला आनंद वाटतो की निम्म्या पट्ट्यापर्यंत तो खरोखर सरळ गेला. कैलासला आपल्या दोस्ताचं कौतुक दाटून आलं, आणि एक ड्रायव्हर दुसऱ्याचं कौतुक जसं करतो तसं त्यानं केलं. हॉर्न दिला.

महिपतीच्या आयुष्यात तो पहिल्यांदाच हॉर्नच्या पुढच्या बाजूला होता. त्याला वाटलं आभाळच मागून बोललं. दोन्ही हात हँडलवरून सुटले, आणि पुढच्या क्षणी तो बांधकामाच्या वाळूत बसलेला होता. सायकल त्याच्या मांडीवर.

शेठ पुढं आले. "म्हणजे नापास," ते म्हणाले. "कैलास, तुझा नंबर."

महिपतीच्या डोळ्यांसमोरून ती गार केबिन गेली, त्यात बसलेली अंबूबाई गेली. आता दोनच वाटा. एक तर सांगायचं की मला सायकल येत नाही. किंवा दुसरं ते सांगायचं, जे सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. यशोधरा मॅडम समोरच उभ्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं बघितलं. विचारलं असतं तर परवडलं असतं.

"हॉर्नानं पडलो," महिपती वाळूकडे बघत म्हणाला.

"काय?" शेठना ऐकू आलं नव्हतं.

"हॉर्नानं पडलो म्हनलं! लय जवळनं वाजला. हात हादरले."

ड्रायव्हर लोक एकमेकांकडे बघायला लागले. आपलाच माणूस फितूर झाला होता. यशोधरा मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे. हॉर्न वाजवायचं ठरलं नव्हतं. काकांना दुसरी फेरी द्या, बिनहॉर्नची."

झालं. महिपतीला वाटलं होतं की पहिल्या निम्म्या पट्ट्यावर भागेल. आता सबबही संपली. तो परत दगडावर चढला.

दुसऱ्या फेरीत तो निघाला तो आधीच वाकडा. पट्ट्याच्या इकडे, पट्ट्याच्या तिकडे. मागं कैलास. नियम असा की एक बाज जागा मिळाल्याशिवाय पुढं जायचं नाही. महिपती असा झुलत होता की बाज सोडा, उशी ठेवायला जागा नव्हती. कैलास मागंच राहिला. तळ संपत आला. महिपती गेटाशेजारच्या भिंतीवर नजर लावून बसला होता, आता धरू, मग धरू. पण गेटावर रतन नावाचा वॉचमन होता, आणि त्याला नोकरीत एकच गोष्ट शिकवलेली होती, ट्रक येताना दिसला की गेट उघडायचं. त्यानं ते सताड उघडलं आणि सलामही ठोकला. सायकलीनं भिंतीकडे पाठ फिरवली. महिपती आंबीच्या रस्त्यावर आला.

मागोमाग ट्रक. ट्रकच्या मागं ओरडत पळणारे ड्रायव्हर, पण ते लवकरच मागं पडले. रस्ता उताराचा होता.

समोरून ट्रॅक्टर, कारखान्याच्या गाड्या, एक वरातीचा टेम्पो. सगळे बाजूला होत गेले. महिपती कुणाकडे बघत नव्हता. त्याला मागचा ट्रक ऐकू येत होता, घरघर करत, ना जवळ ना लांब. आता वाजवील, आता वाजवील, असं त्याच्या पाठीला सारखं वाटत होतं. पाठीला पहिल्यांदाच असं काही वाटत होतं. कैलासच्या मागं आता रांग लागली होती, आणि कैलास खिडकीतून हात काढून मागच्यांना गप्प राहायला सांगत होता, मध्येच हात जोडत होता. एका जीपवाल्यानं शिव्या दिल्या त्याही त्यानं घेतल्या.

पुलाचा चढ आला तेव्हा कुठं सायकल दमली. हळू झाली, आणखी हळू झाली, आणि महिपती कठड्यावर अलगद आडवा झाला. कैलासनं ट्रक त्याच्या मागं तिरका लावला, दिवे लुकलुकत ठेवले आणि उडी मारून आला.

"लागलं का?"

"न्हाई." महिपतीला धाप लागली होती. "कैल्या, मला सायकल येत न्हाई."

"ते मला पयल्या फेरीलाच कळलं."

"आरं मंग?" महिपती उठून बसला. त्याला खरंच समजेना. "तितनं हितवर मागं मागं आलास. एक हॉर्न मारला आसतास तर तळातच पडलो आसतो. नवी गाडी तुला मिळाली आसती."

"हात गेलता हॉर्नावर," कैलास म्हणाला. "दोनदा गेलता. खोटं कशाला बोलू? पर वरनं तुझी पाठ दिसत हुती. वरनं मानूस लय बारीक दिसतंय, महिपती. रोज बघतोय, पर वळखीचं कुनी कदी दिसलं नव्हतं."

तेवढ्यात यशोधरा मॅडम आपल्या सायकलीवरून आल्या, त्यांच्या मागून मोटारसायकलवर शेठ.

"पाय टेकला का यानं?" शेठनी कैलासला विचारलं.

"तळात न्हाई टेकला. मी मागंच हुतो."

"मग पास झाला म्हणायचं." शेठनी खिशातून नव्या गाडीची किल्ली काढली. ती पुढं आलेली बघून महिपतीचा हात आपोआप उचलला गेला. इतकी वर्षं भाजलेला पाय त्या हाताला ढकलत होता. मग त्यानं हात खाली घेतला.

"शेठ, मला सायकल येत न्हाई," तो म्हणाला. "ती थांबंना म्हनून हितवर आलो. किल्ली याला द्या. गाडी लय मोठी हाय, फुडचा मानूस दिसनारा ड्रायव्हर पायजे तिला."

शेठनी यशोधरा मॅडमकडे बघितलं. मॅडमनी होकाराची मान हलवली. कैलास नको नको म्हणत राहिला, आणि म्हणता म्हणता त्यानं किल्ली घेतली, कारण तोही माणूसच होता. मागच्या रांगेतल्या गाड्या एव्हाना बोंबलायला लागल्या होत्या. महिपतीनं सायकल उचलून जुन्या ट्रकच्या हौद्यात टाकली आणि भाजणाऱ्या इंजिनाशेजारी चढून बसला. त्यानं ट्रक वळवला तेव्हा यशोधरा मॅडम पुढं निघाल्या होत्या, रस्ता अरुंद होता, आणि गाडीतळापर्यंत तो त्यांच्या मागं मागं, सायकलच्या चालीनं गेला. सारा वेळ तो एकाच चिंतेत होता, की नव्या गाडीला घालायला हार घेऊन घरी बसलेल्या अंबूबाईला आता सांगायचं काय.