फ्रिगबाई जिवतीच्या जेवणाला

"जिवतीबाई, जिवतीबाई, लेकरं तुझ्या ओटी,
इंगळ-पाणी निजव गं, त्यांच्या वाटेकाठी..."

वसुधामावशीचा हा आवाज आसावरीनं लहानपणी साताऱ्यात ऐकला होता. श्रावणातल्या शुक्रवारी, परदेशी, न्यूनेन गावातल्या स्वयंपाकघरात पुरण वाटताना तो असा कानाशी आला, जणू मावशी फ्रीजमागेच बसली होती.

पुरण झालं, पण जेवायला सवाष्ण मिळेना. ओळखीच्या साऱ्याजणी आइंडहोवनला ऑफिसात. "शेजारीण बोलाव की," नवरा, आशुतोष, फोनवर म्हणाला. मग परवाच शेजारी राहायला आलेल्या उंच बाईंना तिनं बोलावलं. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात सूत कातायची चाती.

"नाव काय तुमचं?"

"फ्रिग. देवांचे राजे ओडिन, त्यांची मी राणी."

"पण यजमान आहेत ना?" आसावरीला तेवढंच हवं होतं.

"एका डोळ्याचे आहेत, पण आहेत. आठ पायांचा घोडा कुठं बांधायचा, ते विचारायला नगरपालिकेत गेलेत."

"मग बसा पाटावर."

दुपारच्या सुट्टीत घरी आलेली दहा वर्षांची स्वानंदी पाहुणीकडे बघतच राहिली. "आई, ह्या आमच्या पुस्तकात आहेत. ह्यांना सगळ्यांचं फ्यूचर माहितीये, बट शी नेव्हर टेल्स. आणि मी आता शाळेत सायकलनं एकटी जाणार. सगळे जातात."

रोज आसावरी सबब काढी. वारा आहे, चेन सैल आहे. आज तिनं तूप वाढता वाढता पाहुणीलाच गाठलं.

"फ्रिगताई, नीट पोचेल ना ही?"

फ्रिगनं घास चावला. बराच वेळ चावला. "ते मी सांगत नसते. पण वाटेवरच्या साऱ्यांकडून शपथ घेता येते."

झालं. दोघी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन निघाल्या. मोटारींच्या नाकाला कुंकू, दिव्याच्या खांबाला कुंकू, थांब्यावरच्या बसला कुंकू. सगळ्यांनी मुकाट शपथ घेतली. बस तेवढी म्हणाली, "मी आधीच लेट आहे, बाई, उरका." मागून स्वानंदी सायकल ढकलत येत होती, कुणी वर्गातलं बघू नये म्हणून मान खाली घालून.

शाळेच्या वळणावर फरशीच्या फटीत गवताचं इवलं पातं होतं. आसावरी पुढे निघाली. "याची कसली शपथ, तान्हं आहे."

फ्रिग तिथंच फरशीवर बसली. किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

"मीही असंच म्हटलं होतं. आग, लोखंड, साप, सगळ्यांकडून वचन घेतलं. एक बांडगूळ सोडलं, कोवळं म्हणून. माझा लेक बाल्डर त्यानंच गेला."

आसावरी तिच्याशेजारी बसली. पुढच्या फटीतही पातं होतं. त्याच्या पुढच्या फटीतही.

"आई, घंटा होईल," स्वानंदी म्हणाली. "चेन परत चेक करायची का?"

"नको." आसावरीनं कुंकवाची बोटं पदराला पुसली. "चेन कधीच सैल नव्हती गं. मला भीती वाटते."