सहा सेल

वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीत विजेची लाइन पोचलेली नव्हती. एका संस्थेने सौर पट्ट्या बसवल्या, समाजमंदिराच्या मागच्या खोलीत दोन-दोन व्होल्टचे सेल ओळीने जोडून बॅटऱ्या मांडल्या आणि त्यांची देखभाल सुंदराकडे दिली. तिने मुरबाडला जाऊन ते शिकून घेतलं होतं.

बॅटऱ्या संपायच्या म्हणून सांगितलेली मुदत उलटली, तरी वाडीत उजेड होता. सुंदरा सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालायची, काचेच्या नळीने आतलं ॲसिड ओढून त्याच्या जडपणावरून सेल किती भरलाय ते बघायची. एखादा सेल मागे पडला, की त्याला छोट्या चार्जरवर वेगळा भरून बाकीच्यांच्या बरोबरीला आणायची. "ओळीतला एक दमला की सगळी ओळ बसते," असं ती सांगायची.

त्या वर्षी मात्र एका टोकाचे सहाच सेल वारंवार दमायला लागले. बाकीचे उलट नको इतके भरायचे, उकळल्यासारखे बुडबुडायचे, त्यांचं पाणी आटायचं. सहा तिने भरले, सारखे केले. आठवड्याभरात पुन्हा तेच. मग तिने रॅक पुढे ओढला. त्या सहांवरून एक वायर निघून भिंतीच्या भोकातून पलीकडे गेली होती, भगीरथच्या दुकानात.

भगीरथ तिचा थोरला दीर. लग्नात स्पीकर लावायचा धंदा, आणि दुकानात रोज गाणी.

"भाऊजी, लागंल तेवढी वीज मीटरवरनं घ्या. पण नुसत्या सहा सेलांवरनं ओढू नका. समदी बॅटरी मरंल."

"स्पीकरच्या मशीनला बारा व्होल्ट घेतो गो. तेवढ्यानं काय व्हतंय? तुझी हाय का बॅटरी?"

तिने वायर कापली. दोन दिवसांनी नवी आली. सासूने, सकुबाईने, चुलीपाशीच सांगितलं, "घरातलं घरात ठेव. थोरल्याचं नाव चव्हाट्यावर नेऊ नको."

सुंदरा सहा सेल भरत राहिली. भरायचे, उतरायचे. शेवटी त्या सेलांनी चार्ज धरणंच सोडलं. दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात वाडी अंधारी व्हायला लागली आणि लोक बोलायला लागले.

संस्थेच्या नम्रताताई आल्या त्याच्या आदल्या दिवशी भगीरथने वायर काढून भोक सिमेंटने लिंपलं. सभेत सगळ्यांसमोर सुंदराने वायरचं सांगितलं, तर तो हसला. "माझ्यावर ढकलते. पानी घालायला इसरली, असं सांग की."

"जना, तू बघितलीस ना वायर?" सुंदराने शेजारणीला विचारलं. जनानेच एकदा दुकानात झाडू मारताना ती पाहिली होती. जना पदराशी चाळा करत राहिली. तिच्या पोरीच्या हळदीला भगीरथचे स्पीकर फुकट लागणार होते. सुंदराने नवऱ्याकडे पाहिलं. शेखरने मान खाली घातली.

नम्रताताई म्हणाल्या, "हे सहाच खराब झालेत, म्हणजे यांच्याकडे लक्ष गेलेलं नाही. नवीन बॅटऱ्या देऊ. पण माणूस बदला."

वाडीने खोलीची किल्ली भगीरथला दिली.

सुंदरा टोकावड्याच्या एका ढाब्यावर भाकऱ्या थापायला जायला लागली. शेखरशी कामापुरतं बोलायची. सकुबाईच्या ताटात वाढायची, पण तिच्याबरोबर जेवायला बसायची नाही.

एका सकाळी जना एसटीतून उतरून ढाब्यावर आली. हातात पिशवी.

"सुंदरे, मामंजींचं वाफेचं मशीन चालत नाय. दम लागतोय. ही नवी बॅटरी पन बसाय लागलीय. तू जरा येऊन बघ गो."

"किल्ली भाऊजींकडं हाय."

"त्यांना काय कळतंय त्यातलं!"

"मग ते त्या दिवशी सांगायचं होतंस."

जना रडायला लागली. सुंदराने हात धुतले, पुसले. "म्हाताऱ्याला जीपनं इथं घेऊन ये. इथल्या लाइटीवर लावून देते मशीन, रोज लावते. पण त्या खोलीत मी पाय ठेवनार नाय."

"लोक काय म्हनतील, आपल्या वाडीला…"

"आपल्या?" सुंदरा म्हणाली.

दुपारी जीप आली. तिने म्हाताऱ्याला बाकावर टेकून बसवलं, मशीन लावलं, मास्क तोंडावर धरला. हळूहळू त्याचा श्वास खाली बसला. "तुझे लय उपकार, पोरी," तो म्हणाला. तोही त्या दिवशी सभेला पहिल्याच रांगेत होता. सुंदराने मास्क सरळ केला.