एका बोटाएवढं दुखणं

सख्ख्या जावा त्या. दोघींमधून विस्तव जात नसे, पण ओल्या चादरींचा टब काही भांडणाला जुमानत नाही. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ धुऊन देणारी त्यांची घरचीच लाँड्री. मशीनमधून निघालेला माल टबात पडायचा, थोरली एका कडीला, धाकटी दुसऱ्या कडीला, आणि थोरलीने "हं" म्हटलं की टब वर. वीस वर्षांत दोघींचं एकमत व्हायचं ते एवढ्या "हं"पुरतंच.

उन्हाळ्यात एकदा धाकटी थोरलीच्या घड्यांना वाकड्या म्हणाली. झालं! हिचा एक शब्द, तिचे चार. धाकटी फुरंगटून इस्त्रीच्या टेबलाशी जाऊन बसली. आता हिला हाक मारायची? थोरलीच्या अगदी जिवावर आलं. इरेला पेटून तिने टब एकटीनेच उचलला. पोटात उजवीकडे टचकन काहीतरी झालं. तरी तिने टब जागेवर नेऊन ठेवलाच. मान राहिला, पोट गेलं.

आज राहील, उद्या राहील म्हणता म्हणता थंडी आली, तरी दुखणं हलेना. अंथरुणातून उठताना कळ, शिंकताना कळ, हसताना कळ. हसायची तिला फार सवय होती अशातला भाग नाही, पण तेवढंही गेलं. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, नळी घालून आतून पोट पाहून झालं. सगळं स्वच्छ. नवरा "सुटलो बुवा!" म्हणाला. थोरलीला मात्र आई आठवली. तिची आई पोटाच्याच दुखण्याने गेली होती. तीही असाच उजवीकडे तळवा ठेवून "काही नाही गं, जरा धरलंय" म्हणायची. मशीनलाही दिसत नाही म्हणजे किती खोल असेल ते, असा थोरलीने हिशेब केला आणि आपण आता चाललो हे मनाशी पक्कं केलं.

कुणाला काही बोलली नाही. गुपचूप कपाटं आवरली. नवऱ्याला चहा करायला शिकवला. "आता या वयात?" असं कुरकुरत तो बिचारा शिकलाही.

शेवटी धाकटीनेच तिला एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे धरून नेलं. "टब उचलताना तुमचे डोळे पांढरे होतात ताई. मला दिसत नाही का?"

डॉक्टरीणबाई इतक्या लहान दिसत होत्या की थोरलीने आधी त्यांच्या पाठीमागे खरा डॉक्टर शोधला. बाईंनी तपासण्यांची जाडजूड फाइल चाळली, मिटली, बाजूला ठेवली आणि थोरलीला तपासायच्या टेबलावर उताणं झोपवलं.

"कुठे दुखतं? दाखवा."

थोरलीने सवयीप्रमाणे पोटावर तळवा ठेवला.

"असं नाही. एका बोटाने दाखवा."

हे आजवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती चाचपडत राहिली आणि मग बोट एका जागी आपसूक थांबलं. बाईंनी तिथेच आपलं बोट टेकवलं आणि दाबलं. "आता हात छातीवर घ्या, आणि माझं बोट इथेच असताना डोकं नि खांदे उचला."

थोरलीने डोकं उचललं आणि ती किंचाळलीच.

"छान!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अहो, छान काय? जीव जातोय माझा!"

"नाही जात. ऐका. डोकं उचललंत की पोटाचे स्नायू घट्ट होतात, त्यांची भिंत होते. दुखणं भिंतीच्या आत असतं, तर माझं बोट तिथवर पोचलं नसतं, कळ कमी झाली असती. तुमची वाढली. म्हणजे दुखणं भिंतीतच आहे. स्नायूत एक बारीक नस अडकली आहे. जड काही उचललं होतंत का?"

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं.

"उचललं होतं," थोरली म्हणाली.

बाईंनी त्याच जागी एक इंजेक्शन दिलं आणि थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आता उठून बसा."

थोरली नेहमीसारखी कुशीवर वळायला लागली.

"सरळ उठा."

ती सरळ उठली. आणि तशीच बसून राहिली. कळ आता येईल, मग येईल, म्हणून श्वास रोखून वाट पाहिली. कळ आली नाही. तिने स्वतः बोटाने दाबून पाहिलं, मुद्दाम खोकून पाहिलं. काहीच नाही! इतके महिने आपण ज्याला मरण समजून मनातल्या मनात निरोप घेत होतो, ते बोटाच्या पेराखाली मावत होतं. तिला एकदम आपल्या अंगाचंच नवल वाटलं. किती थरांचं, किती नसांचं हे सगळं, आणि आपण त्याला जन्मभर नुसतं राबवलं.

"इंजेक्शन उतरलं की थोडं परत दुखेल," बाई सांगत होत्या, "एखादं अजून घ्यावं लागेल. पण जिवाला धोका नाही. आणि काही दिवस वजन उचलायचं नाही."

तेवढ्यात मागे हुंदका फुटला. धाकटी तोंडावर पदर धरून रडत होती.

"तुला काय झालं?" थोरलीने विचारलं. "बरी तर झाले मी."

"तुम्ही कपाटं आवरलीत तेव्हाच मला कळलं होतं," धाकटी म्हणाली. "रोज रात्री झोप लागायची नाही, वाटायचं, त्या दिवशी हट्ट सोडून मी टबाला हात लावला असता तर... तुम्ही गेल्या असतात ताई, तर मी जन्मभर कुणाशी भांडले असते?"

थोरली बघतच राहिली. नस कुठे अडकली आहे ते बोटाने सापडलं, हे नवल खरंच. पण ही आपल्यासाठी रात्री जागत होती, आणि एका भिंतीपलीकडे झोपून आपल्याला त्याचा पत्ता नव्हता! ती टेबलावरून खाली उतरली, धाकटीचा पदर तिच्या तोंडावरून बाजूला केला आणि आपल्या पदराने तिचे डोळे पुसू लागली.

"जोरात नका पुसू," धाकटी म्हणाली, "दुखतंय."