घड्याळकाकांची चार वाक्यं

माझ्या वर्गात एक नियम होता: वाक्य खरं असायची गरज नाही, बरोबर असलं पाहिजे. तो मी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवला होता आणि पुसणाऱ्याला तंबी दिली होती. लोक परकी भाषा बोलताना खरं सांगायच्या नादात अडखळतात. थापा मारायला सांगितलं की पटापट बोलतात.

मी स्पॅनिश शिकवते. ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरची एक खोली, बारा खुर्च्या, खालून येणारा गरम कपड्यांचा वास. एकोणीस वर्षं हेच करतेय. वह्या तपासण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मी स्वतःच म्हणायचे, कारण दुसरं कुणी म्हणत नव्हतं.

त्या भाषेत 'लो' नावाचा एक चिमुकला शब्द आहे. तो विशेषणापुढे लावला की लो ब्वेनो, म्हणजे चांगलं ते. लो मालो, वाईट ते. लो दिफिसिल, अवघड ते. आपल्या माणसाला हे शिकवायला पाच मिनिटं पुरतात, कारण आपणही 'चांगलं ते घ्यावं, वाईट ते सोडावं' असं म्हणतोच. मग दर शनिवारी चार वाक्यं लिहून आणायची: एक चांगल्याचं, एक वाईटाचं, एक अवघडाचं आणि एक आपल्या मनाचं. वर तारीख घालायची.

थापांना ऊत आला. परदेशी नोकरीसाठी शिकणाऱ्या नर्सने लिहिलं, वाईट हे की माझ्या नवऱ्याला अजून तीन बायका आहेत. तिचं लग्नच झालेलं नव्हतं. इंजिनियरने भूतकाळ पक्का करायला आपल्या सासूला दोनदा स्वर्गात धाडलं आणि तिसऱ्या आठवड्यात परत आणलं. आम्ही पोट धरून हसलो.

वर्गात सगळ्यात मोठे होते घड्याळकाका. वय अडुसष्ट, बाजारात घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. मुलगा परदेशात, तिथलीच सून, आणि सहा वर्षांचा नातू, ज्याला आजोबांच्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. फोनवर आजोबा आणि नातू एकमेकांकडे बघून नुसते हसायचे. "हसून हसून जबडा दुखायला लागला, बाई," असं म्हणत ते पहिल्या दिवशी माझ्यासमोर बसले. त्यांचं पहिलं वाक्य होतं, चांगलं हे की माझ्या नातवाचं नाक माझ्यासारखं आहे. त्याच्याच खाली होतं, वाईटही तेच. मी दोन बरोबरच्या खुणा केल्या आणि वर्गाला वाचून दाखवलं.

मग एका शनिवारी त्यांनी लिहिलं, वाईट हे की माझा मुलगा हॉस्पिटलमध्ये आहे. स्पॅनिशमध्ये 'आहे'साठी दोन क्रियापदं आहेत आणि त्यांनी चुकीचं वापरलं होतं. मी ते लाल पेनाने खोडलं, वर बरोबर लिहिलं, समासात 'हा नियम पुन्हा वाचा' असं टाकलं. पुढच्या आठवड्यात होतं, अवघड हे की मुलाने शपथ घातलीय, आईला सांगू नका. मी बरोबरची खूण केली. त्यानंतर, दुःखाचं हे की ती त्याच्यासाठी स्वेटर विणतेय आणि मला माप विचारते. हे वाक्य लांब होतं आणि त्यात एकही चूक नव्हती. मी ते उभ्याने वर्गाला वाचून दाखवलं. "बघा, याला म्हणतात वाक्य," मी म्हणाले. नर्सने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. काका मान खाली घालून पेनाचं टोपण लावत बसले. मला वाटलं, लाजले.

असे चार महिने गेले. मग ते यायचे बंद झाले. पहिल्या शनिवारी मी म्हटलं, दुकानात गर्दी असेल. दुसऱ्या शनिवारी म्हटलं, म्हातारपणी उत्साह किती टिकणार. तिसऱ्या शनिवारी मी त्यांची खुर्ची दुसऱ्या कुणाला दिली.

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी एक बाई जिना चढून आल्या. कठड्याला धरून, दर चार पायऱ्यांनी थांबत. हातात पिशवी, पिशवीत काकांची वही. मी ती पुठ्ठ्यावरूनच ओळखली.

"मी त्यांची बायको," त्या म्हणाल्या. "आमचा मुलगा गेला. आज वीस दिवस झाले."

मी खुर्ची दिली. पाणी आणायला वळले तर म्हणाल्या, "पाणी नको, बसा तुम्ही. मला सांगितलं, अचानक गेला. हृदय बंद पडलं म्हणे. तेव्हापासून हे बोलत नाहीत. दुकान उघडतात आणि शटर अर्धं ओढून आत बसतात. ही वही उशाखाली ठेवतात. मला यातलं काही कळत नाही. पण अक्षरं वाचता येतात मला, बाई. हॉस्पिटल हा शब्द सहा वेळा आलाय. आणि वर तारखा आहेत. यात काय लिहिलंय ते मला सांगा."

वही माझ्यासमोर उघडी होती. थापेचा धडा एकोणीस वर्षं मीच दिला होता. ही वाक्यं सरावाची आहेत, काकू, वर्गात सगळेच काहीबाही रचतात, असं मी म्हणू शकत होते. त्यांनी विश्वास ठेवला असता. काकांची शपथही राहिली असती, आणि माझीही लाज.

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. सुजलेले होते, चपलेचा पट्टा रुतला होता. त्या पायांनी त्या जिना चढून आल्या होत्या. मी वाचायला लागले.

तारीख वाचायची, मग वाक्य, मग आपल्या भाषेत अर्थ. स्वेटरच्या वाक्यापाशी काकूंनी हात वर केला. मी थांबले.

"ही तारीख परत सांगा."

मी सांगितली.

"त्याच आठवड्यात फोन आला होता त्याचा. खूप बारीक दिसत होता. मी म्हटलं, व्यायामाचं खूळ घेतलंस का डोक्यात? तो हसला. मग म्हणाला, आई, थकलोय, ठेवतो. मी रागावले. म्हटलं, आईसाठी दोन मिनिटं नाहीत तुझ्याकडे. आणि मीच फोन ठेवला." त्यांनी वही आपल्याकडे ओढली. "माहीत असतं तर ठेवला असता का मी?"

मला रडू येत होतं आणि रडायचा हक्क माझा नव्हता.

"हे लाल काय आहे?" त्यांनी विचारलं.

"माझं आहे. मी तपासायचे."

"म्हणजे तुम्ही वाचलं होतं."

"वाचलं होतं. पण काकू, मी फक्त चुका बघत होते."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शेवटचं पान उलटलं आणि सर्वांत खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे?"

ती ओळ मला आठवतही नव्हती. काकांच्या शेवटच्या शनिवारची. क्रियापदाचं रूप त्यांना अजून न शिकवलेलं, त्यामुळे सपशेल चुकलेलं. मी ते खोडून नीट लिहिलं होतं आणि समासात शेरा मारला होता: हे पुढच्या वर्गात येईल, घाई नको.

मी ती ओळ मनात वाचली. मग दुसऱ्यांदा. यात मुलाचं काही नाही, काकू, असं म्हणून वही मिटली असती तरी ते खोटं ठरलं नसतं.

"वाचा ना," त्या म्हणाल्या.

"लो मेहोर," मी वाचलं. "म्हणजे, सगळ्यात बरं ते. सगळ्यात बरं हे होईल की एखाद्या शनिवारी बाई मला विचारतील, काका, हे खरं आहे का?"

खाली मशीनची वाफ सुटल्याचा आवाज आला. काकूंनी वही पिशवीत ठेवली, पिशवीचे बंद बांधले.

"आणि तुम्ही विचारलं नाहीत."

"नाही," मी म्हणाले.

त्या उठल्या. मी हात द्यायला पुढे झाले, तर त्यांनी कठडा धरला.