तिसरी टेप

सेव्दाने संगणकाच्या साठ्यातला चौथा व्हॉल्यूम उघडला, तर तो रिकामा. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. डोंगरातल्या म्हाताऱ्यांची चारशे गाणी गेली होती. तीन आठवड्यांपूर्वी साठ्यात जागा करताना तिनेच ती पुसली होती, हे नोंदीत स्पष्ट दिसत होतं.

बल्गेरियातल्या प्लोव्दिवच्या ज्या लोकगीत संग्रहात ती काम करे, त्याच्या साठ्याची प्रत दर शुक्रवारी दूर रुसे शहरातल्या टेपयंत्रावर उतरे. टेपा तीनच, आळीपाळीने वापरायच्या. मधे तीन शुक्रवार गेले होते, म्हणजे तिन्हींवर रिकामा व्हॉल्यूमच चढला असणार. आणि दुपारी स्मिल्यान गावाहून एक बाई आपल्या आजीचा आवाज ऐकायला यायची होती. तिने तो कधीच ऐकला नव्हता.

सेव्दाने रुसेला फोन लावला. टेपा बदलणारा ओग्न्यान तिला सहा वर्षं फक्त आवाजाने ठाऊक होता. तिने चूक कबूल केली. 

"तिसरी टेप मी पुसलेली नाही," तो म्हणाला. "तिची पाळी आली तेव्हा माझ्याकडची कोरी लावली."

"का?"

"आता टेप पुन्हा भरली की जुनी चिठ्ठी काढून छापील लावावी लागते. तुमच्या अक्षरातली ही एकच उरली होती."

 सेव्दाने कामाचं बोलायचं म्हणून टेप लावायला सांगितलं.

अडीचला गाणी परत आली. तीनला स्मिल्यानची बाई चीज भरून भाजलेल्या बानित्साचा डबा घेऊन आली, कानाला हेडफोन लावून बसली आणि मधेच खुदकन हसली. आजी कडवं विसरली होती आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्यालाच दटावत होती.

बाई गेल्यावर सेव्दाने बानित्साचा तुकडा खात ओग्न्यानला बातमी दिली. तोही हसला. मग जरा चाचरत म्हणाला, की नियमाप्रमाणे ती टेप आता परत फिरतीवर घालायला हवी.

"नको, राहू द्या," सेव्दा म्हणाली. "शुक्रवारी नवी टेप देते."

"पार्सलला चार दिवस लागतात. कसं जमणार?"

"पार्सल नाही. मी घेऊन येते."

प्लोव्दिवची गाडी रुसेला किती वाजता पोचते, ते ओग्न्यानने वेळापत्रक न बघताच सांगितलं.