केकमधला खड्डा

"आई, झाकण उघडू नका! अजून कच्चा हाय तो!"

मी ओरडेपर्यंत सासूबाईंनी कुकरचं झाकण उचललंसुद्धा होतं.

"पाहू तं दे वं. बुडाले लागला म्हंजे?"

आणि टम्म फुगलेला केक आमच्या डोळ्यांदेखत मधोमध खाली बसला. लग्नानंतरचा धम्मरत्नचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, पहिला वाढदिवस! मी कळंबची, बेकरीशेजारी वाढलेली. असला केक कोणापुढे ठेवायचा?

बाहेरच्या खोलीतून शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला. सासऱ्यांनी विचारलं, "पडला काय वं खड्डा?"

"पडला!" सासूबाई म्हणाल्या.

"मंग बेस झालं." मशीन पुन्हा सुरू.

अगं बाई, हे काय घर म्हणायचं! ढाणकीला येऊन सहा महिने झाले होते, पण हा प्रकार मला कोणी सांगितला नव्हता. तो धम्मरत्नने सांगितला.

सासूबाई, मथुराबाई, अंगणवाडीत मदतनीस. रोज पोरांची खिचडी रांधतात. खिचडीचं झाकण सारखं काढून पाहावं लागतं, नाहीतर ती बुडाला लागते. ती सवय केकच्या वेळीही सुटत नाही. धम्मरत्न लहानपणी केकसाठी अडून बसला, तेव्हा त्यांनी कुकरमध्ये मीठ पसरून, शिट्टी आणि रिंग काढून रव्याचा केक केला. तो बसला. लाज झाकायला त्यांनी खड्ड्यात साय-साखर भरली. ती मुरली आणि असा काही लागला तो मधला भाग, की घरात नियमच झाला. ज्याचा वाढदिवस, त्याचा खड्डा. बाकीच्यांनी कडा खायच्या आणि एका चमच्यासाठी हात पसरायचे.

संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, वंदना झाली. धम्मरत्नने खड्डा फस्त केला. सासूबाई मात्र भिंतीला टेकून केकचा डबा खरवडत बसल्या होत्या.

"आई, तुमचा वाढदिवस कधी असते?"

"माहा कायचा वाढदिवस! आधारवर तारीख हाय, पन ते त्यायनं अंदाजानं टाकलेली. माय म्हने, कापसाचा पह्यला वेचा लागला त्या दिवशी झाली तू."

"म्हंजे खड्डा तुम्ही कधी खाल्लाच नाही?"

"डबा खरवडतो नं मी," त्या हसून म्हणाल्या.

इतकी वर्षं सगळ्यांचे खड्डे भरणारी बाई, आणि तिच्या वाट्याला डब्याची खरवड! मी मनात ठरवूनच टाकलं.

दिवाळीच्या आधी कापूस फुटला. मागच्या वावरात वेचणीला बाया उतरल्या त्या दिवशी सासूबाई अंगणवाडीत गेल्या आणि मी रवा भिजवला. केक फुगला. वा, काय फुगला! आयुष्यात असा केक मी केला नव्हता. तो मोडायला माझा हात धजेना.

"उघड नं वं, कायले थांबली?" धम्मरत्न म्हणाला.

उघडलं. मेला हट्टी, हलेचना! पुन्हा झाकलं, पुन्हा उघडलं. सासरे मशीन सोडून आले, गळ्यात टेप तसाच. "आदळ जरासं, पोरी."

आदळलं. बसला! बापलेकांनी टाळ्या पिटल्या.

सासूबाई परत आल्या तेव्हा ताट समोरच होतं. खड्डा सायीने काठोकाठ भरलेला.

"आज कोनाचा हाय?"

"पह्यला वेचा लागला नं, आई."

त्यांनी हात-पाय धुतले, पदराने तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं. मग पाटावर बसून एक चमचा खाल्ला.

"साय कमी टाकली काय वं?" म्हणाल्या, आणि लगेच दुसरा चमचा भरला.

सवयीने धम्मरत्नने हात पुढे केला. "एक चमचा दे नं, आई." सासऱ्यांनीही केला. आपल्या ताटातलं काढून देणारी बाई ती, देणारच.

सासूबाईंनी ताट मांडीवर ओढलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

"सरका तिकडं. वाढदिवस माहा हाय."

शेवटचा चमचासुद्धा त्यांनी कोणाला दिला नाही. बापलेक कडा खात बसले, आणि डबा मी खरवडला.