संध्याताईंचे सहज फोटो

आपण शांत बाई आहोत, असा संध्याताईंचा स्वतःबद्दल ठाम समज होता. तसा समज व्हायला कारणही होतं. इंदिरानगरातल्या आपल्या घराच्या गच्चीवर त्या बरीच वर्षं बायकांचा योगवर्ग घेत होत्या. "श्वास सोडा, श्वासाबरोबर राग सोडा," हे त्या रोज सकाळी इतक्या मऊ आवाजात सांगत, की दोघीतिघी शवासनात चक्क घोरायला लागत. गच्चीवरची बाई आणि खाली स्वयंपाकघरातली बाई यांचा ताळमेळ कोणी लावायला गेलं नाही. यजमान कोंडाजीराव लावू शकले असते, पण ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाणी कुठे अडवायचं आणि कुठे वाहू द्यायचं, हे त्यांना बरोबर कळायचं.

मुलीचं, सृष्टीचं लग्न मनमाडच्या रुद्रशी ठरलं आणि फोटोग्राफर शोधायची वेळ आली. शेजारच्यांचा अल्बम ताईंनी पाहिला होता. त्यात नवरा-नवरी लाल-निळ्या धुरातून पळत होती, जशी काही मागे मधमाश्या लागल्यात. "आपल्याकडे असली नाटकं नकोत," ताईंनी जाहीर केलं. मग सृष्टीनंच इन्शाचं नाव काढलं. इन्शा मूळची मालेगावची, स्टुडिओ नाशकात, आणि लग्नाचे फोटो काढायची तिची पद्धत वेगळी.

कॉलेज रोडवर कॉफी पिता पिता इन्शानं ती समजावून सांगितली. "मी कोणालाही 'इकडे बघा' म्हणणार नाही, काकू. हनुवटी वर करा, हसा, काही नाही. मी तुमच्यातच फिरत राहणार. जे घडेल ते टिपणार, आणि जसं घडलं तसं तुमच्या हातात देणार."

"अगदी माझ्या मनातलं बोललीस!" ताई म्हणाल्या. "आम्ही माणसं मुळातच सहज आहोत गं."

कोंडाजीरावांना एकदम ठसका लागला. तो ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "आणि स्टेजवरचे फोटो?"

"घेईन काका. पण माझं मन तिकडे नसेल."

"मन नसलं तरी चालेल. माझ्या चारही बहिणी दिसल्या पाहिजेत."

इन्शानं आधीच्या एका लग्नातला फोटो दाखवला. आचाऱ्यांच्या मंडपामागे नवरीचा बाप एकटाच उभा राहून डोळे पुसत होता. तो बघून ताईंचेही डोळे भरून आले, आणि त्याच भरल्या डोळ्यांपुढे त्यांना आपला फोटो दिसायला लागला: झेंडूच्या माळांआड पैठणीतली आई, नजर किंचित खाली, ओठांवर समाधान. घरी आल्यावर त्यांनी आरशासमोर उभं राहून सहज बघण्याचा सरावही केला. डावी बाजू जास्त सहज दिसते, असं त्यांच्या लक्षात आलं.

लग्न गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर थाटात झालं. ताईंना विचाराल, तर सगळं अगदी शांतपणे पार पडलं. गालबोट लागलं ते एकच. रुद्रच्या वडिलांची थोरली बहीण, भागीबाई, अक्षता पडल्याबरोबर न जेवता निघून गेली. मनमाडच्या त्या घरात आत्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे ती साखरपुड्याला आली नव्हती, त्यामुळे ताईंनी तिला पाहिलेलं नव्हतं. कळलं ते इतकंच, की मांडवात कोणीतरी तिचा अपमान केला. कोणी, ते ती काही केल्या सांगेना.

ताईंनी स्वतः चौकशी केली आणि निकालही स्वतःच दिला. कळवणला शेती करणारा त्यांचा धाकटा भाऊ केरू याच्याकडे पाहुण्यांच्या स्वागताचं काम होतं. "तुला एक काम सांगितलं होतं, केरू, एक! पेढ्याचं ताट घेऊन फिरायचं आणि माणसं ओळखायची. तेही जमलं नाही तुला." केरूनं मान खाली घालून ऐकून घेतलं. पुढच्याच आठवड्यात तो द्राक्षांची पेटी घेऊन आपण होऊन मनमाडला गेला आणि झाल्या प्रकाराची माफी मागून आला. आत्याबाईंनी द्राक्षं ठेवून घेतली. राग सोडला नाही.

उन्हाळा लागल्यावर फोटोंची लिंक आली. रविवार होता, योगवर्ग नुकताच आटोपला होता. बायका घरी जायला तयार होईनात. "आम्हाला आत्ताच बघायचेत," म्हणत शेजारच्या तृप्तीनं ताईंचा मोबाइल टीव्हीला जोडूनही टाकला. ही तृप्ती ताईंची सर्वांत जुनी विद्यार्थिनी. बाकी सगळी आसनं येत, मौन तेवढं जमत नसे.

पहिला फोटो हळदीचा. सृष्टी पिवळीधमक, डोळे मिटलेले, गालावर कोणाचा तरी हात. सुरेख फोटो. मागे ताई, तोंड उघडलेलं, कोणावर तरी ओरडताना.

"अगं बाई, नेमकं तोंड उघडलं तेव्हाच काढलाय," ताई म्हणाल्या.

दुसरा फोटो मेंदीचा. ताई, तोंड उघडं. रुखवताचा आला, ताईंचं बोट लाडवांच्या ताटाकडे रोखलेलं आणि त्या दिशेचे तीन जण मागे सरकलेले. पुढच्या एकात ताई गुरुजींना काहीतरी समजावत होत्या, आणि गुरुजींनी हात जोडले होते. ते देवाला नव्हते, हे स्पष्ट दिसत होतं. अंतरपाटाच्या फोटोवर तर सगळ्या बायका "वा!" म्हणाल्या. पाटावर दोघं डोळे मिटून उभी, हवेत अक्षता, आणि पार मागे खुर्चीवर चढून स्पीकरवाल्याला गळा कापण्याची खूण करणाऱ्या ताई.

"ताई," तृप्तीनं अगदी विद्यार्थिनीच्या नम्रतेनं विचारलं, "इथे तुम्ही श्वास घेताय की सोडताय?"

बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. कोंडाजीराव मात्र प्रत्येक फोटोला "हा छान आलाय" म्हणत होते. ताईही हसल्या. उद्या त्याच बायकांना पुन्हा गच्चीवर बोलवायचं, तर दुसरं करणार काय? मनात त्या घाईघाईनं शोधत होत्या, नजर किंचित खाली असलेला तो फोटो. त्या दिवशी दोन क्षण तरी आपण शांत उभ्या राहिलो असूच.

आणि मग तो फोटो आला.

मांडवाच्या कापडातून गाळून आलेला केशरी उजेड. पुढच्या रांगेतला सोफा. एक म्हातारी त्यावरून अर्धवट उठलेली, एक हात सोफ्याच्या दांडीवर, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. साडी साधी, प्रवासात चुरगळलेली. कपाळावर गोंदण. मान अशी ताठ आणि नजर अशी थेट, की सगळा मांडव तिच्यापुढे धाकटा वाटत होता. तिच्या खांद्यावरून मागच्या खुर्च्यांकडे एक बोट रोखलेलं होतं, आणि ते बोट पैठणीतल्या ताईंचं होतं. सोफ्याच्या पाठीवर कागद चिकटवला होता: 'वरपक्ष'.

"या कोण हो? काय सुंदर आल्यात!" तृप्ती म्हणाली.

ताईंनी तो चेहरा ओळखला. सृष्टीनं मनमाडच्या सत्यनारायणाचे फोटो पाठवले होते, त्यात हाच चेहरा होता. हेच गोंदण होतं. आणि आता सगळं आठवलं. वरपक्षाची बस अजून यायची होती. पुढच्या सोफ्यावर कोण ही बाई पिशवी घेऊन ऐसपैस बसलीय, म्हणून त्या तरातरा गेल्या होत्या. "अहो आजी, उठा. या जागा मुलाकडच्यांसाठी आहेत." बाई काहीतरी बोलली होती, पण बॅंड वाजत होता. वर ताईंनी तिची समजूतही काढली होती, "मागे बसा, मागूनही छान दिसतं."

बसमध्ये मळमळतं म्हणून आत्याबाई एकट्याच रेल्वेनं आल्या होत्या. पिशवीत त्यांची लग्नात नेसायची साडी होती.

बायकांना कसंबसं वाटेला लावून ताईंनी इन्शाला फोन लावला. "तो सोफ्याचा फोटो काढून टाक."

"काकू, तो तर माझा सगळ्यात लाडका फोटो आहे!"

"इन्शा, काढून टाक म्हणते ना!"

"काढते. पण लिंक दोन्ही घरांना गेलीय. रुद्रनं त्यांच्या घरच्या ग्रुपवर टाकलीसुद्धा."

ताईंना अशा वेळी जे नेहमी सुचायचं तेच सुचलं. "तू समोर उभी होतीस ना? मी एका म्हाताऱ्या बाईला उठवतेय आणि तू फोटो काढतेस? मला थांबवायचं नाहीस?"

मग इन्शा म्हणाली, "काही ऐकू येत नव्हतं, काकू. मी फक्त उजेड बघत होते. माझंही चुकलंच." आणि तिनं पुढं विचारलं, "पण मी म्हटलं असतं, तर तुम्ही थांबला असता?"

ताईंनी फोन ठेवला, केरूचा नंबर लावला आणि त्याला सोफ्याचं सगळं सांगितलं.

"ताई, मी तिथंच होतो," केरू म्हणाला. "पेढ्याचं ताट घेऊन. समदं बघितलं मी."

"मग त्याच दिवशी बोलला का नाहीस?"

"तू बोलू दिलं का?"

"आणि वर मनमाडला जाऊन माफी मागून आलास?"

"कोणीतरी मागायला पायजे होती ना. तू मागशील असं काय दिसत नव्हतं."

ताईंना रडू आलं. मग त्या रडण्यातच हसू आलं, आणि ते थांबवता येईना. "माझं चुकलं रे, केरू," त्या म्हणाल्या. हे वाक्य धाकट्या भावाला म्हणायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी, कारण पलीकडे केरू पार गोंधळला. "बरं बरं," तो म्हणाला, "ऊन लय झालंय, मोटर बंद करायला जायचंय मला," आणि त्यानं घाईनं फोन बंद केला.

संध्याकाळी सृष्टीचा फोन आला. फोटो सगळ्यांनी पाहिले होते.

"आत्याबाईंनी?" ताईंनी विचारलं.

"त्यांनी तीनदा पाहिले."

"काय म्हणाल्या?"

"काहीच नाही गं. चष्मा मागितला फक्त."

दुसऱ्या दिवशी ताई कोंडाजीरावांना घेऊन गाडीनं मनमाडला निघाल्या. माफीची वाक्यं त्यांनी निफाडपर्यंत पाठ केली आणि लासलगाव येईतो विसरल्या. दीर्घ श्वसन करून पाहिलं, तर उचकी लागली. कोंडाजीरावांनी न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

आत्याबाई ओसरीवर गहू निवडत बसल्या होत्या. ताईंनी वाकून पायांवर डोकं ठेवलं. "आत्याबाई, त्या दिवशी तुम्हाला उठवणारी मीच. मी ओळखलं नाही. आणि ओळखलं नाही तरी कोणाही म्हाताऱ्या माणसाला असं..."

"म्हाईत हाय," आत्याबाई म्हणाल्या. "तुमचं तोंड इसरण्यासारखं नव्हतंच."

"मग कोणाला सांगितलं का नाहीत?"

आत्याबाईंनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. "सांगून काय करू? घरात नवी पोर आलेली. तिच्या आईचं नाव घेतलं असतं, तर तीच खाली मान घालून फिरली असती. माझा राग तुमच्यावर व्हता, पोरीवर नाय."

ताई ओसरीच्या कडेवर गप्प बसून राहिल्या. इतका वेळ गप्प बसलेल्या त्यांना कोंडाजीरावांनी क्वचितच पाहिलं होतं. ते थोडे घाबरलेच.

"ते जाऊ द्या," आत्याबाईच शेवटी म्हणाल्या. "त्या फोटोवाल्या पोरीचा नंबर द्या मला."

"कशाला?"

"तो फोटो मोठा करून घ्यायचा हाय. आधार कार्डावर बघा, मी चोरासारखी दिसते. लेकाच्या लग्नात मी पदराआड. आन् ह्याच्यात?" त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यांच्या बोटांच्या ठशांनी काच धूसर झाली होती. "जशी काय गावची पाटलीण उठून उभी राह्यलीय. फक्त तुम्हाला कापायला सांगा तिला."

"सांगते," ताई म्हणाल्या. हे काम त्यांना मनापासून पटलं.

इन्शानं ताईंना व्यवस्थित कापलं. पण ते बोट आत्याबाईंच्या खांद्यावरून आलेलं, ते काही कापता येईना. कॉम्प्युटरवर पुसून टाकणं इन्शाच्या तत्त्वात बसत नव्हतं. तिनं भीत भीत मनमाडला विचारलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. एका बोटानं काय व्हतंय?" त्यामुळे फ्रेममध्ये शेवटी झळकल्या त्या आत्याबाई, आणि त्यांच्या खांद्यामागे कुठूनसं आलेलं, बांगडीसकट एक बोट.

फ्रेम टांगायच्या दिवशी जेवायचं आमंत्रण होतं. केरूही कळवणहून आला होता. रुद्र स्टुलावर चढला, भिंतीवर खिळा ठोकला, फ्रेम अडकवली. सगळे मागे सरकून बघायला लागले.

"थोडी डावीकडे," ताई म्हणाल्या. "अरे, डावीकडे म्हणजे तुझ्या नाही, माझ्या! खालून धर. खालून! केरू, तू बघत काय उभा राहिलास, स्टूल धर त्याचं!"

सगळ्यांच्या नजरा फ्रेमवरून ताईंच्या वर गेलेल्या हाताकडे वळल्या. सृष्टीनं तोंडाला पदर लावला. ताईंनी हात हळूच खाली घेतला, मागे लपवला आणि त्या भिंतीऐवजी जमिनीकडे बघायला लागल्या. पण राहवेना. फ्रेम खरोखरच वाकडी होती.

आत्याबाईंचे खांदे हसण्यानं गदगदत होते. "सांगा ओ, सांगा त्याला," त्या म्हणाल्या. "वाकडीच हाय ती."

मग ताईंनी सांगितलं, आणि रुद्रनं ती सरळ केली.